हिरवं असलं तरच गाव वाटतं का?

"फोटो मस्त आहे, फक्त जरा हिरवा करून द्या ना!" हे ऐकून ऐकून आता डोक्यात जातं. कॅलेंडर छापणारे तेच म्हणतात, नातेवाईकही तेच. अरे, नागपूर जिल्ह्यातल्या काटोलच्या रस्त्यावर मे महिन्यात टिपलेलं शेत हिरवं कुठून असणार? इथे पारा 45 च्या वर जातो!

आणि त्या उजाड शेतात काही नसतं, हे कोणी ठरवलं? आपली काळी माती वाळली की आकसते, अख्खा पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडतात. सकाळचं तिरपं ऊन आलं की भेगांच्या कडा तांबूस उजळतात, आत मात्र गडद अंधार. थोड्याच वेळात ऊन वर चढतं आणि सगळं सपाट दिसू लागतं. तेवढ्यासाठी पहाटे अंधारात निघायचं, धुऱ्यावर पोटावर पडून फोटो काढायचा, आणि मग कोणीतरी मोबाइलवर बोट फिरवून त्यावर पोपटी रंग ओतणार.

होळीच्या सुमारास फुललेल्या पळसाला तर एकाने "याला पानंच नाहीत, टाकता येतील का?" असं विचारलं. पळस पानं गाळूनच फुलतो हो! विदर्भात राहून हेही बघितलं नाही?

कपाशीचं पिवळसर फूल दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं, तेही यांना "रंग बिघडलेला" वाटतं.

हिरवंच पाहिजे तर ऑगस्टमधले मागा. रामटेक-मौद्याकडच्या धानाच्या बांध्यांचे भरपूर आहेत. मे महिन्यातल्या फोटोला मी हात लावणार नाही.