‘पुन्हा’ या एका शब्दावर

महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत बाप्तिस्म्याचा वाद (तो तान्ह्या बाळाला द्यावा की मोठेपणी, स्वतःच्या विश्वासावर) पेटला की कुणीतरी हमखास परदेशाचा दाखला देतं: तिकडे बघा, सगळे कसे समजुतीने घेतात. जर्मनीत राहून हा दाखला काही पटत नाही.

२९ एप्रिल २००७ रोजी माग्देबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये ११ चर्चसंस्थांनी एकमेकांचा बाप्तिस्मा मान्य केला. पाण्यात बुडवून किंवा पाणी ओतून, पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावाने, आणि आयुष्यात एकदाच. बॅप्टिस्ट आणि मेनोनाइट मात्र सही करणाऱ्यांत नव्हते. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा असं मानणाऱ्याने तान्ह्या बाळाच्या बाप्तिस्म्याला कशी मान्यता द्यावी? उलट २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हा एकत्र आलेल्या सहा संस्थांत अँग्लिकनही होते आणि बॅप्टिस्टही. वाटा दोन ठेवल्या: बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी दृढीकरण (स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी), नाहीतर बाळाचं समर्पण (बाप्तिस्म्याविना देवाच्या हाती सोपवणं) आणि मोठेपणी स्वतःच्या कबुलीवर बाप्तिस्मा.

म्हणजे कागदावर आपण पुढे. बोलण्यात मात्र गाडी अडते ती ‘पुन्हा’ या शब्दावर. एक म्हणतो, हा पुन्हा बाप्तिस्मा घेतोय. दुसऱ्याच्या लेखी हा पहिलाच, कारण लहानपणी झाला तो बाप्तिस्माच नव्हे. शब्द उच्चारला तिथेच निकाल लागलेला असतो, आणि मग ‘माझ्या आईबापांनी केलं ते खोटं का?’ इथवर गोष्ट जाते. इथून पुढे वचनं कुणी ऐकत नाही.

त्याआधीच थांबून एक काम करावं: समोरच्याचं बायबलमधलं सगळ्यात भक्कम वचन आपण मांडायचं. शिशुबाप्तिस्मा नाकारणाऱ्याने प्रेषितांची कृत्ये १६ मधली लुदिया आणि तुरुंगाचा अधिकारी यांची, घरच्या सगळ्यांसह बाप्तिस्मा घेतलेली, घराणी मांडावीत, कलस्सै २ मधली सुंता आणि बाप्तिस्मा यांची सांगडही. शिशुबाप्तिस्मा मानणाऱ्याने मार्क १६:१६ मधला क्रम मांडावा: आधी विश्वास, मग बाप्तिस्मा. समोरचा ‘हो, हेच म्हणतोय मी’ म्हणेपर्यंत आपली बाजू सुरू करू नये. वेळखाऊ आहे, पण निम्मे आरोप इथेच गळतात.

जर्मनीतल्या सभ्यतेचंही फार कौतुक नको. बऱ्याचदा ती नुसती बेफिकिरी असते: बाप्तिस्म्याचं काही वाटतच नाही, तर भांडायचं कशाला? आपल्याकडे निदान जीव तुटतो.

आणि मुळात शंकाच असेल तर? ‘माझा बाप्तिस्मा खरा होता का?’ असं कुणी विचारलं, तर पाळकाने आधी शोधावं की शंका विधीची आहे की विश्वासाची. विधीची असेल तर मंडळीची नोंदवही उघडावी, साक्षीदारांना विचारावं. विश्वासाची असेल तर आणखी पाणी ओतून ती जात नाही. मार्क ९ मधला, आजारी मुलाला येशूकडे आणणारा बाप ‘विश्वास आहे’ म्हणतो आणि त्याच दमात अविश्वासातून सोडव अशी विनवणीही करतो. येशू त्याला आधी शंका मिटवून ये म्हणत नाही. मुलगा त्याच दिवशी बरा होतो.