गुरुजींचा फोटो आणि आमची लिफ्ट

आज ११ जून, साने गुरुजींची पुण्यतिथी. सकाळी सात वाजता सोसायटीच्या ग्रुपवर साने गुरुजींचा फोटो आला. टोपी, पाणीदार डोळे, खाली त्यांची ती प्रार्थना. छत्तीस नमस्कार पडले. माझाही एक.

दुपारी दोनला त्याच ग्रुपवर, त्याच गृहस्थांचा दुसरा मेसेज: 'घरकामाच्या बायका पुन्हा पुढची लिफ्ट वापरताना दिसल्या. कृपया आपापल्या बाईला समज द्यावी.' यावर अंगठेच अंगठे.

मागची लिफ्ट दोन महिने बंद आहे, हे सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. मी भाजी घेऊन आले, आमच्या मावशी खालीच भेटल्या. लिफ्ट उघडी. मी आत शिरले, त्या बाहेरच थांबल्या. "तुम्ही व्हा पुढं ताई, मी येते जिन्यानं." आम्ही चौथ्या मजल्यावर. त्यांचे गुडघे मला माहीत आहेत, कारण फरशी पुसून उठताना त्या दरवेळी ओट्याचा आधार घेतात. आणि मी काय केलं? 'बरं' म्हणाले. दार लागलं.

आपण गुरुजींना रडकं करून ठेवलंय. मातृहृदयी, हळवे, मुलांचे. तेवढे गुरुजी परवडतात. खानदेशातल्या शेतकऱ्यांसाठी, गिरणी कामगारांसाठी उभा राहिलेला, पुन्हा पुन्हा तुरुंगात गेलेला माणूस फोटोत मावत नाही. १९३० मध्ये अमळनेरची शाळेतली नोकरी सोडून चळवळीत पडला तो. आणि पंढरपूर? तिथे तर हा हळवा माणूस कुणाचंच ऐकायला तयार नव्हता. चोखोबांना ज्या पायरीपाशी थांबवलं, ते दार अस्पृश्य मानलेल्यांना उघडा, नाहीतर मी जेवणार नाही, एवढंच मागणं. १९४६ च्या कार्तिकीलाच बसणार होते. लोकांनी थांबवलं, आधी माणसांची मनं वळवा म्हणाले. तेही केलं, महाराष्ट्रभर गावोगाव हिंडले. मग १ मे १९४७ ला तनपुरे महाराजांच्या मठात बसले. पंढरपूरचं मे महिन्यातलं ऊन ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

थांबा म्हणणारे कमी नव्हते. खुद्द गांधीजींची तार आली, उपोषण सोडा म्हणून. ज्यांच्यापायी नोकरी सोडली, त्यांची तार! तरी नाही सोडलं. शेवटी काँग्रेसचे नेते ग. वा. मावळणकरांनी मध्यस्थी केली, देवळाच्या पुजाऱ्यांनी, बडव्यांनी मान्य केलं, तेव्हा कुठे तोंडात काही घेतलं.

आमच्याकडे पण 'थांबा' आहे. 'पुढच्या वार्षिक सभेत बघू.' दोन वार्षिक सभा मी स्वतः गप्प बसून काढल्यात. चहा चांगला होता.

हो, माहीत आहे, आता कुणीतरी लिहील की बाबासाहेबांनी १९३५ लाच येवल्याला 'हिंदू म्हणून मरणार नाही' असं सांगून टाकलं होतं, तेव्हा त्या दर्शनाचं कौतुक कशाला. बरोबर आहे. देवळाचं दार उघडलं म्हणून गावची विहीर उघडली नाही. मान्य. पण दार बंद ठेवणाऱ्यांनी हा मुद्दा काढू नये.

आणि दार उघडायच्या आधी म्हणे विठ्ठलाच्या मूर्तीतलं तेज काढून एका घागरीत ठेवलं. बाटू नये म्हणून! मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खूप हसले होते. आज हसू येत नाही. आमच्या सोसायटीनं एवढीही तसदी घेतली नाही, एक फलक लावला नि झालं. 'नोकर, डिलिव्हरी व सामान.' सामानाच्या रांगेत माणसं.

चिडून काय होणार, मला कळतंय. फोटो टाकणारे काका वाईट नाहीत. लॉकडाऊनमध्ये माझ्या आईची औषधं त्यांनीच आणून दिली होती. दुष्ट माणसं असती तर सोपं गेलं असतं. आणि लिफ्टचं दार त्या दिवशी काकांनी नाही लावलं, मी लावलं. वर पोचून भाजी फ्रीजमध्ये ठेवली, पंखा लावला, तरी मावशी यायच्या होत्या. तिसऱ्या मजल्यावर टेकल्या असणार.

आज त्यांना म्हटलं, उद्यापासून माझ्याबरोबर पुढच्या लिफ्टनं यायचं. हात पुसत म्हणाल्या, "मला नका घालू त्यात ताई. या बिल्डिंगीत अजून तीन घरं आहेत माझी." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उपोषण गुरुजी स्वतःच्या पोटावर करत होते. मी मावशींच्या पोटावर करायला निघाले होते.

म्हणून त्यांचं नाव न घेता ग्रुपवर लिहिलं, माझ्या फ्लॅट नंबरासकट: मागची लिफ्ट दुरुस्त होवो न होवो, तो फलक काढा, नाहीतर मीही जिन्यानंच ये-जा करीन आणि कारण विचारेल त्याला सांगेन. चार तास झाले. सगळ्यांनी वाचलंय. उत्तर एकाचंही नाही.

आत्ता एक हात जोडलेला नमस्कार आला, मी धावत फोन उचलला. तो सकाळच्या फोटोला होता.