एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस झाला असं नसतं, तो मेसेज पुढे पाठवू नका

काल रात्री साडेदहाला मावशीचा फोन, रडतच होती. जिना चढताना गुडघे दुखतात म्हणून तिने कुठलंतरी फुल बॉडी पॅकेज केलं, त्यात एएनए (आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटीबॉडी शोधणारी रक्ताची टेस्ट) 1:80, म्हणजे सीरम 80 पट पातळ करूनही, पॉझिटिव्ह आलं आणि त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर तो मेसेज पडला. तुमच्याकडेही आला असेल: एएनए पॉझिटिव्ह म्हणजे ल्युपस (प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवांवर उलटते तो आजार), शरीर स्वतःलाच खातंय, सगळ्यांनी दरवर्षी टेस्ट करा, गहू-दूध सोडलं की आकडा उतरतो, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला की आजार गेला, गोळ्या बंद करा.

पहिलाच मुद्दा धडधडीत चूक आहे. 1997 मध्ये एंग टॅन आणि 15 लॅबनी मिळून निरोगी माणसांचं रक्त तपासलं होतं, तर 1:40 ला जवळपास 32 टक्के लोक पॉझिटिव्ह, 1:80 ला 13 टक्के, 1:160 ला 5 टक्के. निरोगी माणसं हं ही! म्हणजे मावशीच्या सोसायटीत शंभर धडधाकट लोकांची टेस्ट केली तर बारा-तेरा जणांचा रिपोर्ट तिच्यासारखाच येऊ शकतो, मग काय सगळ्यांना ल्युपस झाला का? वय वाढलं की, थायरॉइड असलं की, एखादं इन्फेक्शन झालं तरी हे पॉझिटिव्ह येतं. ल्युपसच्या 2019 च्या निकषांत 1:80 ही नुसती पहिली पायरी आहे, त्यापुढे ताप, पुरळ, सांधे, किडनी, रक्तपेशी असं सगळं बघून गुण मोजतात.

आणि तो आकडा म्हणजे साखरेसारखं प्रमाण नाही. रक्तातलं सीरम पातळ करत जायचं आणि कुठवर चमक दिसते ते मायक्रोस्कोपखाली डोळ्यांनी बघायचं, तेव्हा 80 चं 160 झालं म्हणजे एकच पायरी पुढे गेलं, तेवढा फरक तर लॅब बदलली तरी पडतो. काही ठिकाणी मायक्रोस्कोप नसतोच, एलायझा नावाच्या दुसऱ्या पद्धतीने मशीनवर करतात, तो आकडा याच्याशी जुळवताच येत नाही. रिपोर्टवर पद्धत, टायटर (तो 1:80 सारखा आकडा) आणि पॅटर्न (पेशीत चमक कशी दिसली ते) तिन्ही लिहिलंय का ते बघा, नसेल तर लॅबला विचारा.

एक गोष्ट मान्य करावी लागेल, अँटीबॉडी आजाराच्या आधी कित्येक वर्षं रक्तात दिसू शकतात. अमेरिकन सैन्यातल्या 130 ल्युपस रुग्णांचं जुनं साठवलेलं रक्त काढून बघितलं, त्यात 88 टक्क्यांमध्ये निदानाआधीच एखादी तरी अँटीबॉडी होती, 2003 चा अभ्यास आहे. पण ते आजारी माणसांपासून मागे जाऊन बघणं झालं. पॉझिटिव्ह आलेल्या बहुतेकांना पुढे ल्युपस होतच नाही, म्हणून दरवर्षी सगळ्यांची टेस्ट हा नुसता खर्च आणि घोर.

गहू सोडून एएनए उतरतो याला आधार नाही. सीलिअॅकमध्ये (गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होते तो आजार) गहू सोडल्यावर टीटीजी नावाची वेगळी अँटीबॉडी उतरते हे खरं, पण ती टेस्ट गहू खात असतानाच करायची, आधीच सोडला तर खोटी निगेटिव्ह येते.

शेवटचा मुद्दा, निगेटिव्ह आला की गोळ्या बंद करा, हा मात्र जीवावरचा आहे. आजार किती जोरात आहे ते एएनए सांगतच नाही, त्यासाठी रक्तातल्या डीएसडीएनए अँटीबॉडी, सी3, सी4 ही प्रतिकारशक्तीची प्रथिनं आणि लघवीतलं प्रोटीन बघतात. किडनी आतून सुजत असते आणि माणसाला काही जाणवत नाही. स्टेरॉइड तर एकदम बंद केलं की बीपी पडून माणूस कोसळू शकतो.

मावशीला सकाळी डॉक्टरांनी नीट तपासलं, गुडघ्यांची झीज आहे, मांडीचे व्यायाम दिलेत. उन्हाने वाढणारी गालावरची लाली, तोंडातले व्रण, सकाळी तासभर आखडणारे सांधे, थंडीत पांढरी-निळी पडणारी बोटं असं काही असेल तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (सांध्यांच्या आणि अशा आजारांच्या डॉक्टरांकडे) जा, टेस्ट लागली तर ते सांगतील. आणि ग्रुपवर कुणी हा मेसेज वाचून गोळ्या बंद केल्या असतील तर प्लीज आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा, उद्यावर टाकू नका.