‘उगाच डाग’ म्हणणाऱ्या भाऊंना

भाऊ, तुमच्या कमेंटला उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण आधी राग आला होता. तुमचं म्हणणं की नागपूरच्या नाग नदीवरच्या माझ्या चित्रांत नुसता नाला आणि टिनाची घरं, मेट्रो नाही, हिरवळ नाही, वाघांची राजधानी तर कुठंच नाही, आणि हे म्हणजे गरिबी विकणं झालं.

वाघ आहे ना! सातवं चित्र परत बघा, पुलाच्या खांबावर रंगवलेला वाघ आणि त्याच्या पंजाखाली पोत्यावर एक माणूस झोपून राहिला. सकाळी साडेसहाला तसंच होतं, मी मनानं काही घातलं नाही.

आता ते दोन भिंतींचं चित्र, ज्यात तुम्हाला ‘उगाच डाग’ दिसले. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवते का? काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, अन् पाणी बंगल्यांतही शिरलं आणि दहा बाय दहाच्या खोल्यांतही. माझ्या मावशीच्या लेआउटमधली कंपाउंड वॉल दिवाळीच्या आत रंगवून झाली. खाली नदीकाठी एका घरी मी पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर गाळाची रेघ तशीच, कमरेच्या वर, आणि तिच्या वीतभर वर खिळा ठोकून पोराचं दप्तर टांगलेलं, म्हणजे परत पाणी आलंच तर दप्तर तरी वाचेल. ती रेघ मी तिथलाच गाळ कालवून ओढली, रंगानं जमत नव्हती.

हिरवळ म्हणाल तर संरक्षक भिंतीच्या फटीतून आलेला पिंपळ आहे, आणि थर्माकोलवर एक वंचक बगळा बसलाय. तो तुम्हाला दिसला नसेल, पंख मिटले की चिखलासारखाच वाटतो तो.

चित्रकार सुधीर पटवर्धन ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करता करता वर्षानुवर्षं रस्त्यावरची, लोकलमधली माणसं रंगवत आले, त्यांच्या चित्रांत माणूस बिचारा वाटत नाही. मला ते अजून जमत नाही, हे कबूल.

आणि ‘विकणं’ हा शब्द टोचला, कारण ते दप्तराचं चित्र खरंच विकलं गेलं, चार हजाराला, आणि त्या घरच्या काकूंना मी विचारलंसुद्धा नव्हतं. तुमची कमेंट वाचून परवा प्रिंट घेऊन गेलो, पैशाचंही सांगितलं. त्यांनी चहा टाकला, चित्र उजेडात धरून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “सगळं बरोबर हाय, पण दप्तर निळं होतं, लाल काहून केलं?”

आता निळ्या दप्तराचं काढून राहिलो, त्यांच्यासाठी.