ती जागा रिकामी नाही

गेल्या आठवड्यात पुनर्विकासाचा आराखडा पाहिला. त्यात रस्ते दाखवलेत, इमारती दाखवल्यात, पार्किंगच्या पांढऱ्या रेघासुद्धा आखल्यात. आणि ज्या उतारावर मी गेली अकरा वर्षं डिस्क गोल्फ खेळतेय, तिथे फिकट करड्या रंगाचा एक तुकडा आहे आणि त्यावर दोन शब्द: ‘उपलब्ध जमीन’. अठरा होल, टी पॅड, बास्केट, मधली पायवाट, कशाचाच पत्ता नाही. मी तो कागद हातात धरून बराच वेळ बसले होते. राग नंतर आला. आधी वाटलं, हा नकाशा काढणाऱ्याने इथे एकदाही पाय ठेवला नसणार.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टी पॅडवरून, म्हणजे सुरुवातीच्या ओट्यावरून, डिस्क म्हणजे चपटी तबकडी फेकायची, ती पडेल तिथून पुन्हा फेकायची आणि शेवटी साखळ्या लावलेल्या लोखंडी बास्केटमध्ये टाकायची. टी पॅडपासून बास्केटपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल. कमीत कमी फेकींमध्ये जो पोचला तो जिंकला. गोल्फसारखं गालिचा वाटावा असं गवत राखावं लागत नाही, सभासद व्हावं लागत नाही. एका होलला साधारण एक एकर, असा ढोबळ हिशेब असतो आणि त्या एकरात झाडं, चढ, ओढा काहीही असलं तरी चालतं, उलट असलेलं बरंच. जगात आज असे १५ हजारांहून जास्त कोर्स आहेत आणि त्यातले बहुतेक फुकट खेळता येतात. एक डिस्क घ्या आणि सुरू करा.

पण ज्या गोष्टीमुळे हा खेळ सगळ्यांचा झाला, तीच आता त्याच्या मुळावर आली आहे. पोहण्याच्या तलावाला पास असतो, टेनिस कोर्टाचं बुकिंग असतं, हॉलची पावती फाडली जाते. वर्षाच्या शेवटी कुणीतरी बेरीज करतं आणि तो आकडा फायलीला लागतो. आमच्याकडे फटफटल्यापासून दिवेलागणीपर्यंत माणसं असतात, पण ना फाटक, ना तिकीट, त्यामुळे नोंद कुठेच नाही. कागदावर आम्ही शून्य. आणि आराखडे कागदावर होतात.

म्हणून आम्ही मोजायला बसलो. पहिला मंगळवार माझ्याकडे होता, सकाळी सहा ते आठ. पहिल्या टी पॅडच्या बाजूला घडीची खुर्ची टाकली, मांडीवर लिहायचं पॅड, माणूस आला की एक रेघ. रात्रपाळी संपवून आलेली एक नर्स होती, अंगावर अजून गणवेश. पाच होल खेळली आणि घरी गेली. दोघे भाऊ होते, दोघांत मिळून एकच डिस्क, आळीपाळीने फेकत होते. बाबागाडी ढकलत एक आई आली, ती खेळत नाही, पण तिला सावलीची एवढी लांब पायवाट दुसरीकडे कुठे मिळत नाही. आणि एक आजोबा. त्यांना मी इतकी वर्षं फक्त हात हलवून ओळखत होते. ते तीन डिस्क आणि कचरा उचलायचा लांब चिमटा घेऊन येतात. फेकायचं, चालायचं, वाटेत दिसेल ते प्लॅस्टिक उचलून पिशवीत टाकायचं, पुन्हा फेकायचं. मी काय करतेय ते त्यांनी विचारलं. सांगितल्यावर म्हणाले, “नाव लिहायचं का?” म्हटलं, नाही आजोबा, फक्त रेघ. तर म्हणाले, “मग माझी जरा ठळक काढ बाळ.”

आठ वाजेपर्यंत पानाच्या दोन्ही बाजू भरल्या होत्या. दवाने कागद मऊ पडला होता. तो मंगळवार कुठल्याही सणाचा नव्हता की स्पर्धेचा नव्हता, साधा कामाचा दिवस होता. तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की इतकी वर्षं आमचं काय चुकलं. आम्ही कोर्स झाडला, पायऱ्या बांधल्या, बास्केटच्या तुटलेल्या कड्या बदलल्या, पण त्यातलं काहीच कधी लिहून ठेवलं नाही. ज्यांच्या फोनमध्ये युडिस्क हे या खेळाचं ॲप आहे त्यांचे राउंड तरी तारखेसकट नोंदलेले असतात. तेही काढा, सगळे. मात्र सोबत हेही लिहा की निम्मे लोक ॲपच्या वाटेला जात नाहीत, म्हणून हा आकडा खऱ्यापेक्षा कमीच आहे.

आता ‘दुसरीकडे जागा देऊ’ या शब्दाबद्दल बोलते, कारण आपल्यातलेही काही जण त्याला भुललेत. बास्केट हलवायला काही लागत नाही. कुलूप काढायचं, जमिनीत पुरलेल्या नळीतून खांब वर उचलायचा आणि गाडीत टाकायचा. अठराच्या अठरा बास्केट एका दिवसात दुसऱ्या जागी उभ्या राहतील. पण सातवा होल कसा हलवणार?

सातव्याच्या टी पॅडवर उभं राहिलं की समोर दोन मोठी झाडं दिसतात, मधे खिडकीएवढी फट. डावीकडच्या झाडाची साल छातीच्या उंचीवर झिजून गुळगुळीत झाली आहे. त्या झाडाला माझ्याही शेकडो डिस्क लागल्या असतील. खालून उतारावरून वारा वर येतो. उजव्या हाताने फेकलेली डिस्क वेग ओसरला की शेवटी डावीकडे झुकते, म्हणून फेकायचं ते थेट उजव्या झाडाच्या अंगावर आल्यासारखं आणि विश्वास ठेवायचा की ती वेळेत वळेल. नवीन माणूस ते धाडस करत नाही. मला दोन वर्षं लागली. ज्या दिवशी डिस्क फटीतून सुटली, उताराच्या टोकाशी वळली आणि खालून साखळ्यांचा खळ्ळकन आवाज आला, तो दिवस मला आजही आठवतो. बास्केट दिसतसुद्धा नाही तिथून, फक्त आवाज येतो.

आम्हाला जी पर्यायी जागा दाखवली ती एक सपाट पट्टी आहे. रोपं लावून देणार आहेत, गुडघ्याएवढी. त्या रोपांची सातव्या होलवरची झाडं व्हायला एक पिढी जाईल. तोवर तिथे अठरा बास्केट उभ्या असतील, पण खेळण्यासारखं काही नसेल, सावली नसेल आणि ती बाबागाडीवाली आईही तिथे येणार नाही. झाड, चढ आणि वारा मिळून कोर्स होतो. लोखंड त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे.

या खेळाचा पहिला कायमस्वरूपी कोर्स एड हेड्रिक यांनी १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये उभा केला. सुरुवातीला तिथे नुसते खांब होते. डिस्क खांबाला लागली की नुसती जवळून गेली, यावरून वाद व्हायचे, त्यातून साखळ्यांच्या बास्केटची कल्पना निघाली आणि १९७७ मध्ये तिचं पेटंट मिळालं. २००२ साली हेड्रिक गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा डिस्कमध्ये मिसळण्यात आली. तो कोर्स आजही आहे. शेजारी नासाची जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी आहे, तरी बाजूला लोक निवांत डिस्क फेकत असतात. पन्नास वर्षं! जागा राहू दिली तर एक कोर्स किती माणसांना पुरतो ते बघा.

कायद्याचं म्हणाल तर पहिलं काम एकच आहे: जमिनीचे जुने कागद शोधा. ही जागा कधी घेतली, कशासाठी घेतली, कुणाच्या पैशातून विकसित केली. हे कंटाळवाणं काम आहे, पण लढाया इथेच जिंकल्या जातात. अमेरिकेत लँड अँड वॉटर कॉन्झर्व्हेशन फंडाच्या पैशातून घेतलेली किंवा विकसित केलेली बाग असेल, तर केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय तिचा वापर बदलता येत नाही. आणि मंजुरी हवी असेल तर बदल्यात किमान तेवढ्याच बाजारमूल्याची, उपयोग आणि ठिकाण या दोन्ही बाबतीत वाजवी तोडीची जमीन द्यावी लागते. ‘उपयोग आणि ठिकाण’ हे शब्द लक्षात ठेवा. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना सपाट पट्टीची युक्ती आधीच माहीत होती, असं मला वाटतं.

इंग्लंडमधलं श्रूजबरीचं प्रकरण तर प्रत्येकाने वाचावं असं आहे. तिथल्या ग्रीनफील्ड्स मैदानाचा एक तुकडा नगर परिषदेने २०१७ मध्ये विकासकाला विकून टाकला. ती जमीन लोकांच्या करमणुकीसाठी विश्वस्त म्हणून राखलेली होती, हेच परिषदेच्या ध्यानात राहिलं नव्हतं. अशी जमीन विकण्याआधी स्थानिक वर्तमानपत्रात सलग दोन आठवडे जाहिरात द्यावी लागते, लोकांच्या हरकती ऐकाव्या लागतात. ते झालंच नाही. एका रहिवाशाने दाद मागितली, खालच्या न्यायालयांत तो हरला, तरी वर गेला. २०२३ साली ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जाहिरात न दिल्यामुळे लोकांचा हक्क संपलेला नाही, आणि बांधकामाची परवानगी रद्द केली. विचार करा, विक्री झालेली, पैसे दिलेले आणि तरीही एका न दिलेल्या जाहिरातीवर सगळं अडलं.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९९१ मध्ये बंगळूरच्या एका प्रकरणात हेच धरलं होतं. बागेसाठी राखलेली जागा खासगी रुग्णालयासाठी दिली होती. रहिवासी न्यायालयात गेले आणि ते वाटप टिकलं नाही. रुग्णालय वाईट म्हणून नव्हे, तर बाग ही रहिवाशांची गरज आहे आणि ती अशी परस्पर कुणाला देऊन टाकता येत नाही म्हणून. तेव्हा ‘तुमचा काय संबंध’ असं कुणी विचारलं तर गप्प बसू नका. शेजारी राहणाऱ्याचा संबंध असतो.

मात्र उशीर करू नका. इंग्लंडमध्ये वीस वर्षं लोकांनी हक्काने वापरलेली मोकळी जागा ‘व्हिलेज ग्रीन’ म्हणून नोंदवता येते, पण २०१३ पासून नियम असा आहे की बांधकामाचा अर्ज जाहीर झाला की नोंदणीचा अर्ज करण्याचा हक्कच थांबतो. म्हणजे जाग उशिरा आली तर दार बंद. सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच असतं. आराखडा कच्चा असतो तेव्हा एका पत्राचं जे वजन असतं, ते बुलडोझर आल्यावर हजार माणसांच्या मोर्चाचंही नसतं.

एक गोष्ट आपल्याच लोकांना सांगायची आहे आणि ती कडू लागली तरी ऐका. आपणही या जागेचं नुकसान केलं आहे. टी पॅडच्या पुढची माती आपल्या पायांनी दगडासारखी झाली आहे, बाराव्याच्या उतारावर मुळं उघडी पडली आहेत. ऑस्टिन शहरातल्या पीझ पार्कचा जुना, लोकप्रिय कोर्स २०११ च्या अखेरीला बंद झाला, तो कुठल्या बिल्डरमुळे नव्हे. मातीची धूप आणि झाडांचं नुकसान हे कारण होतं. आराखड्यावर सुनावणी होईल तेव्हा कुणी उघड्या मुळांचे फोटो दाखवले तर आपण काय उत्तर देणार? त्याआधी आपणच ते फोटो दाखवायचे आणि सांगायचं की बाराव्याचा टी पॅड आम्ही सरकवतोय, मुळांवर लाकडाचा भुसा टाकतोय, पावसाळ्यात तो होल बंद ठेवतोय. पक्षी बघायला येणारी मंडळी आपल्यावर नाराज आहेत ती यामुळेच. त्यांच्याशी बोललं पाहिजे. परवा बोललेसुद्धा. झाडं राहावीत हे त्यांनाही हवंय, आणि पूर्वेकडचं टोक घरट्यांच्या हंगामात आपण मोकळं सोडलं तर ते आपल्या बाजूने पत्र देतील.

घरांचा मुद्दा मी टाळणार नाही. घरं हवीतच. भाड्याच्या खोलीत मीही दिवस काढलेत, त्यामुळे ‘घरं नकोत, आमचा खेळ हवा’ असं मी कधीच म्हणणार नाही आणि तुम्हीही म्हणू नका. पण त्याच आराखड्यात पार्किंगसाठी केवढी जमीन धरलीय ते बघा. गाड्या एकावर एक उभ्या करता येतात, झाडं येत नाहीत. आणि जी कुटुंबं त्या नव्या इमारतींत राहायला येतील, त्यांच्या मुलांनी संध्याकाळी जायचं कुठे? हा कोर्स उद्या त्यांचाही आहे. सुनावणीत मी हेच बोलणार आहे.

ऑनलाइन सह्यांवर फार भिस्त ठेवू नका. सही केली की काम केल्यासारखं वाटतं आणि माणूस घरी बसतो. एकाच मजकुराची शंभर पत्रं गेली तर ती एकच धरतात. त्यापेक्षा चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहा: मी कधी येते, कुणाबरोबर येते, ही जागा गेली तर माझं काय जाईल. आणि आपल्या खेळाडूंच्या ग्रुपवर कालपासून एका अधिकाऱ्याबद्दल जे लिहिलं जातंय ते कृपा करून थांबवा. तो माणूस आपल्याला ऐकून घेणार आहे. त्याच्यापुढे प्रत्येकाला तीन मिनिटं मिळणार आहेत, आणि त्या तीन मिनिटांत त्याला रेघांनी भरलेली ती पानं दिसली पाहिजेत.

पानं अजून कमी आहेत. शनिवार-रविवारचे सगळे तास भरलेत, कारण सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना जमतं. पण कामाच्या दिवसांची मोजणी जास्त मोलाची आहे आणि तिथेच माणसं नाहीत. बुधवारी दुपारी दोन ते चार आणि गुरुवारी सकाळी सहा ते आठ, या दोन जागा मोकळ्या आहेत. खुर्ची आणि पॅड मी आणून ठेवते. गुरुवारी आजोबा येतात सव्वासहाच्या सुमारास, चिमटा घेऊन. त्यांची रेघ जरा ठळक काढा.