औषध कोणी द्यायचं, यावरच सगळं अडलंय

१८ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्रातल्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांनी एक दिवस संप केला. मुद्दा सीसीएमपीचा होता. आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा हा कोर्स केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंद करायची की नाही, म्हणजे त्यांनी ॲलोपॅथीची औषधं द्यावीत की नाही, हा वाद. आमच्या शाळेच्या ग्रुपवर दोन्हीकडचे डॉक्टर आहेत, त्यामुळे तिथेही जुंपली. ‘वर्षभरात फार्माकॉलॉजी येते का?’ असं एक बाजू विचारत होती. दुसरी म्हणत होती, ‘मग तुम्ही या ना गडचिरोलीत राहायला.’ दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मला खटकलं ते वेगळंच. एवढ्या भांडणात एकाही औषधाचं नाव निघालं नाही.

मी न्यू जर्सीत राहते आणि नोकरी सांभाळून गावच्या ॲम्ब्युलन्स पथकात स्वयंसेवक ईएमटी, म्हणजे ॲम्ब्युलन्समधून तातडीची मदत देणारी प्रशिक्षित कार्यकर्ती, म्हणून काम करते. मी डॉक्टर नाही, नर्सही नाही. तरी काही औषधं द्यायची मला परवानगी आहे. ती अशी : ऑक्सिजन, हार्ट अटॅकची शंका असेल तर ॲस्पिरिन, साखर उतरलेल्या पण शुद्धीवर असलेल्या मधुमेहीला ग्लुकोज, ॲलर्जीच्या जीवघेण्या झटक्यात ॲड्रेनलिन, आणि अफूवर्गीय औषधाचा ओव्हरडोस झाला असेल तर नाकात नॅलोक्झोन. याशिवाय रुग्णाचं स्वतःचं नायट्रोग्लिसरीन त्याला घ्यायला मदत करता येते. यादी साधारण एवढीच.

यादी आखूड असल्यामुळे तिच्यातलं प्रत्येक औषध खोलवर शिकवलं जातं. ॲस्पिरिन म्हणजे ८१ मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, गिळायच्या नाहीत, चावायच्या. त्याआधी विचारायचं : ॲस्पिरिनची ॲलर्जी आहे का, कुठे रक्तस्राव होतोय का, आज आधीच घेतली आहे का. मग बाटलीवरचं नाव आणि मुदत जोडीदाराला मोठ्याने वाचून दाखवायची. योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ, योग्य नोंद, हे झोपेतही म्हणता आलं पाहिजे.

इथल्या भारतीय घरांत गेलं की मोठी पंचाईत असते ती गोळ्यांच्या डब्याची. मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले काका छातीला हात लावून बसलेले असतात. काकू पुढे करतात ती सॉर्बिट्रेटची स्ट्रिप केमिस्टने कात्रीने अशी कापलेली असते की नावही अर्धं गेलेलं आणि मुदतही. जे वाचता येत नाही ते मी देत नाही. शिवाय सॉर्बिट्रेट ही नायट्रोग्लिसरीनच्याच वर्गातली, पण माझ्या यादीत नसलेली गोळी. काकांकडे त्यांचं नायट्रोग्लिसरीनच असलं, तरी आधी बीपी बघते. वरचा आकडा शंभरच्या खाली असेल तर ती गोळी जिभेखाली जात नाही. मग सुनेला जुने रिपोर्ट आणायला आत पाठवायचं आणि काकांना हळूच विचारायचं, ‘काल-परवा व्हायग्रासारखी गोळी घेतली होती का?’ कारण या दोन्ही गोळ्या एकत्र आल्या तर बीपी धाडकन कोसळतं. हा प्रश्न संकोचाने गाळला, तर बाकीची सगळी काळजी फुकट.

आणि आपल्याकडे? कानपूरहून निघालेल्या सात रुपयांच्या ‘राम किट’चा मेसेज अजूनही फिरतो. छातीत दुखलं की तीन गोळ्या घ्या, त्यात एक सॉर्बिट्रेट. बीपीचं काय, हे त्या फॉरवर्डमध्ये नसतं. बेशुद्ध मधुमेह्याच्या तोंडात साखरेचं पाणी ओतणारे प्रेमळ नातेवाईक तर गावोगाव भेटतात. ते पाणी फुफ्फुसात जाऊ शकतं, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं.

माझी ही परवानगी माझ्या हुशारीवर मिळालेली नाही. यादीमागे एक डॉक्टर जबाबदार असतो, मर्यादा लेखी असतात आणि दिलेल्या प्रत्येक डोसची नोंद नंतर तपासली जाते.

अमेरिकेचं सगळंच डोक्यावर घ्यावं असं मुळीच नाही. इथे ॲम्ब्युलन्सच्या बिलाच्या धास्तीने लोक छातीत दुखत असताना टॅक्सी बोलावतात. आपली १०८ फुकट येते. २०१४ मध्ये महाराष्ट्रात ती सुरू झाली तीच गाडीत डॉक्टर घेऊन, आणि त्यातले बरेचसे आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर. सीसीएमपीचा वाद त्या गाडीत रोज बसलेला असतो, फक्त तिथे तो काढायला कुणाला वेळ नसतो.

इथली यादीही जशीच्या तशी उचलायची गरज नाही. नॅलोक्झोन ही अमेरिकेच्या दुखण्याची गरज आहे. आपली यादी आपल्या मातीतून यावी. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणात विंचूदंशावर प्राझोसिनची साधी, स्वस्त गोळी वापरून माणसं वाचवली. तीही बीपी उतरवणारीच गोळी, म्हणजे देणाऱ्याला बीपी मोजता आलंच पाहिजे. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन मात्र आशाताईंच्या पिशवीत नको. त्याची जबरदस्त रिॲक्शन येऊ शकते, त्याची जागा दवाखान्यातच.

ॲड्रेनलिनचं उदाहरण मला सगळ्यात जवळचं वाटतं. इथे आपोआप टोचणाऱ्या पेनची जोडी २०१६ मध्ये सहाशे डॉलरच्या वर गेली होती. त्याआधीच, २०१४ पासून, सिॲटलच्या किंग काउंटीत ईएमटींना साध्या बाटलीतून साध्या सिरिंजने औषध ओढून मांडीत द्यायला शिकवलं गेलं. न्यूयॉर्क राज्यातल्या अशाच उपक्रमात तर सिरिंजवर दोनच खुणा ठेवल्या, एक मोठ्या माणसाची, एक मुलाची, म्हणजे घाईत हिशेब करायलाच नको. आपल्याकडे ॲड्रेनलिनचं अँप्यूल मिळतं, स्वस्तही आहे. गांधीलमाशी चावून घसा आवळत आलेल्या माणसाला १०८ येईपर्यंत ते कोणी, किती आणि कुठे टोचायचं, हे दोन्हीकडच्या डॉक्टरांनी मिळून एका पानावर लिहावं आणि एका जिल्ह्यात आशाताईंना आणि पोलिसांना शिकवून बघावं. याला विरोध कुठल्या पॅथीचा असेल, ते मला खरंच समजत नाही.