"पाच तास चिखलात अडकवून ठेवलं" या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. मुलगी कंटाळली, घरी पोचायला रात्र झाली, त्याबद्दल मनापासून सॉरी. पण "स्किपरला पाण्याची खोली कळत नाही, बोट अडकवली" हे जे लिहिलंत ते फार लागलं, कारण गोल्डहँगर क्रीकमध्ये (इंग्लंडमधल्या ब्लॅकवॉटर नदीची ओहोटीला रिकामी होणारी छोटी खाडी) ह्यांनी, म्हणजे माझ्या मिस्टरांनी, तेच स्किपर, बोट तुम्हाला विचारूनच तळाच्या चिखलावर टेकवली होती.

मेसेजमध्ये नदीच्या मुखाजवळच्या वेस्ट मर्सीला सकाळी नऊला या असं स्पष्ट होतं, तुम्ही आलात सव्वादहाला आणि भरती पूर्ण होती साडेदहाला. चढत्या पाण्याबरोबर ब्लॅकवॉटर नदीतून वर जायचं, निवांत जेवायचं आणि क्रीक रिकामी व्हायच्या आत निघायचं असं ठरलेलं, ते उलटं झालं, ओहोटी अंगावर घेत वर जावं लागलं. तरी एक वाजता ह्यांनी विचारलं की आत्ता निघूया नाहीतर पाणी परत येईपर्यंत म्हणजे साडेसातपर्यंत इथेच, तेव्हा तुम्हीच म्हणालात राहूया, फोटो छान येतायत. दोनला बोट टेकली. दोन भरतींमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, ते आम्ही कमी कसं करणार?

आणि "धोकादायक" का म्हणालात तेच कळलं नाही. आमची शिडाची बोट वेस्टर्ली सेंटॉर 26 फुटी, तिला जेमतेम 3 फूट पाणी लागतं आणि खाली दोन कील (बुडाखालची जड पाती) आहेत ते ह्यासाठीच, दोन कील आणि मागचा स्केग (सुकाणूपुढचं छोटं पातं) यांवर ती सरळ उभी राहते. एका कीलची बोट तिथे कुशीवर पडली असती, इथे तुमच्या मुलीचा ज्यूसचा ग्लास टेबलावरून हललासुद्धा नाही. सांगूनही दादा चिखलात उतरले, गुडघ्यापर्यंत रुतले, सँडल तिथेच गेली, त्याचे पैसे आमच्याकडे मागणं बरोबर नाही ताई.

बोट जुनी आहे हे खरं. 1969 ते 1980 मध्ये अशा 2,400 च्या वर बनल्या आणि अजून कितीतरी फिरतायत. कील जिथे हलला, म्हणजे बोटीच्या मुख्य अंगाला, जोडतात तिथे सेंटॉर कमजोर असते म्हणतात, ते आम्ही फायबरग्लासचे थर देऊन आधीच मजबूत करून घेतलंय, बराच खर्च करून. वाऱ्याच्या तोंडावर ती थोडी हळू जाते, ते बुकिंगच्या वेळीच सांगतो.

पूर्ण रिफंड जमणार नाही, सीझन एवढासा असतो आणि ह्यावरच आमचं घर चालतं. वेळेचा मेसेज अजून नीट करू, लहान मुलांच्या खाण्याचंही काहीतरी बघतो. एक स्टार तेवढा परत विचार करून बघा, प्लीज.